मायनसचं चिन्ह आणि किल्लारीची भिंत

दोलनं या विषयावरचं हे आपलं दुसरं व्याख्यान. पहिल्या वेळी आपण झोका, पाळणा, घड्याळाचा लंबक असं सगळं बघितलं होतं. त्यानंतर आमच्याकडे ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यातले दोन प्रश्न पुन्हापुन्हा आलेले आहेत. लातूरच्या बारावीच्या मुलांचा प्रश्न असा, की एसएचएमच्या सूत्रात मायनसचं चिन्ह असतं ते उदाहरण सोडवताना आम्ही कुठेतरी टाकून देतो आणि उत्तर तरीही बरोबर येतं, मग ते चिन्ह असतं कशाला? नांदेडकडचा प्रश्न वेगळा आहे. हिंगोलीच्या बाजूला भूकंप झाला की आमच्याकडे भांडी वाजतात, पण पंखा हलत नाही. मग तो धक्का खरा समजायचा की नाही?

आजचं व्याख्यान या दोन प्रश्नांवरच आहे. वरवर पाहता त्यांचा एकमेकांशी संबंध नाही, पण दोघांची उत्तरं शोधत गेलं की आपण किल्लारीला पोहोचतो.

आधी शब्द ठरवून घेऊ. पुस्तकात 'सरल हरात्मक गती' असा शब्द आहे. तुम्ही शिकवणीत 'एसएचएम' म्हणता, तेही चालेल. एका दोलनाला लागणारा वेळ म्हणजे दोलनकाल, मध्यापासून जास्तीत जास्त जितकं लांब जातं ते म्हणजे आयाम. आणि ज्याला तुम्ही 'रिस्टोरिंग फोर्स' म्हणता, त्याला आम्ही आज सरळ 'परत आणणारं बल' म्हणू. पुस्तकी शब्द 'प्रत्यानयन बल' असा आहे, पण तो उच्चारेपर्यंत लंबक दोनदा जाऊन येतो.

आता झोका घ्या. नागपंचमीला लिंबाच्या फांदीला बांधतात तसला, लांब दोराचा. झोका स्थिर लटकतोय ती त्याची मधली जागा. त्याला तुम्ही उजवीकडे ओढलंत, तर तो डावीकडे यायला बघतो. डावीकडे ओढलंत, तर उजवीकडे. जास्त ओढलंत तर जास्त जोराने, कमी ओढलंत तर कमी जोराने. एवढंच त्या सूत्रात लिहिलेलं आहे: बल बरोबर वजा के गुणिले एक्स. एक्स म्हणजे मधल्या जागेपासूनचं अंतर. के म्हणजे ताठरपणा, एक सेंटीमीटर हलवायला किती जोर लागतो तो. आणि वजाचं चिन्ह सांगतं, की तुम्ही ज्या दिशेला गेलात त्याच्या उलट दिशेला हे बल आहे.

इथे एक प्रश्न मुलं विचारत नाहीत, पण विचारायला हवा. परत आणणारं बल मधल्या जागी आणतं हे ठीक, पण मग झोका मध्ये येऊन थांबत का नाही? मधल्या जागी तर बल शून्य असतं. कारण तिथे पोहोचतो तेव्हा त्याच्याकडे वेग असतो, सगळ्यात जास्त वेग तिथेच असतो, आणि त्याला अडवणारं त्या क्षणी कोणी नसतं. म्हणून तो पलीकडे जातो. पलीकडे गेला की बल पुन्हा उलटं होतं. म्हणजे दोलनाला दोन गोष्टी लागतात, एक परत बोलावणारी आणि एक पुढे नेणारी. परत बोलावतं ते बल, पुढे नेते ती वस्तूची जडता, तिचं वस्तुमान. यांची ओढाताण म्हणजे दोलन. दोलनकालाचं सूत्र बघा, त्यात हीच दोघं आहेत: टी बरोबर दोन पाय गुणिले एम भागिले केचं वर्गमूळ. वस्तुमान वाढलं की हालचाल संथ होते, ताठरपणा वाढला की झपाझप होते.

आयाम मात्र त्या सूत्रात नाही. हे पाठ करून पुढे जाण्यासारखं नाही, थोडं थांबून बघू. एक स्प्रिंग एक सेंटीमीटर ओढून सोडली आणि तशीच दुसरी दोन सेंटीमीटर ओढून सोडली. दुसरीला दुप्पट अंतर कापायचंय. पण तिच्यावरचं बलही दुप्पट आहे, म्हणून त्वरण दुप्पट, म्हणून प्रत्येक क्षणी वेगही दुप्पट. दुप्पट वाट, दुप्पट वेग, वेळ तेवढाच. दोघी एकाच क्षणी मधल्या जागी पोहोचतात. हे का घडलं? बल अंतराच्या अगदी प्रमाणात वाढलं म्हणून. बल आणि अंतर यांचा आलेख सरळ रेषेत आहे म्हणून. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे भिंतीपाशी ही सरळ रेषा मोडणार आहे.

घरी करून बघा. दोरा घ्या, त्याला एक जड नट बांधा, दाराच्या चौकटीला लटकवा. दोऱ्याची लांबी नटाच्या मधोमध मोजायची, दोरा संपतो तिथपर्यंत नाही. 25 सेंटीमीटर ठेवली तर एका दोलनाला 1 सेकंद लागेल. 1 मीटर ठेवली तर 2 सेकंद. 4 मीटरचा झोका असेल तर 4 सेकंद. लांबी चौपट, वेळ दुप्पट. वर्गमुळाचा अर्थ हा असा हाताने कळतो. एकच दोलन मोजू नका, वीस मोजा आणि वीसने भागा. आणि सोडताना 'शून्य' म्हणा, 'एक' म्हणून सुरुवात केली की एकोणीसच दोलनं मोजली जातात आणि मुलं म्हणतात पुस्तक चुकलं.

लंबकाच्या बाबतीत पुस्तक 'लहान कोनासाठी' असं म्हणतं ते का? कारण लंबकाचं बल कोनाच्या प्रमाणात वाढत नाही, कोनाच्या साइनच्या प्रमाणात वाढतं. 10 अंशांपर्यंत दोन्हींत अर्ध्या टक्क्याचाच फरक आहे, म्हणून चालून जातं. झोका 60 अंशांपर्यंत चढवला तर दोलनकाल 7 टक्क्यांनी वाढतो, 90 अंशांपर्यंत नेला तर 18 टक्क्यांनी. उंच झोक्यावर वरच्या टोकाला जरा जास्त वेळ तरंगल्यासारखं वाटतं ते उगाच नाही. तिथे परत आणणारं बल हवं त्यापेक्षा कमी पडलेलं असतं.

दोलन कायम चालत नाही. हवा, सांधे, घर्षण ऊर्जा खात राहतात, त्याला अवमंदन म्हणतात. आपल्या मराठवाड्यात याचं उदाहरण डोक्यावरून गेलेलं आहे, अक्षरशः. भरलेली घागर डोक्यावर घेऊन चालताना पाणी हिंदकळतं. चालण्याचा ठेका आणि घागरीतल्या पाण्याचा स्वतःचा ठेका जुळला की पाणी काठावरून उडतं. बायका त्यावर पानं टाकतात, एखादी डहाळी टाकतात. पानांमुळे पाण्याचं घासणं वाढतं, ऊर्जा तिथेच विरते आणि लाट काठापर्यंत चढत नाही. पाण्याच्या टँकरच्या पोटात आडवे पत्रे असतात तेही याचसाठी. अर्धा भरलेला टँकर वळणावर भरलेल्या टँकरपेक्षा जास्त दगा देतो, कारण आतलं पाणी स्वतःच्या तालावर झुलत असतं. मोटारसायकलच्या शॉकअबमधलं तेल गळून गेलं की गतिरोधकानंतर गाडी चार वेळा उसळत राहते, तीही हीच गोष्ट. स्प्रिंग शाबूत आहे, अवमंदन गेलं.

आणि ठेका जुळणं, म्हणजे अनुनाद. झोक्याला ढकलणारा माणूस फार जोर लावत नाही. तो वेळ साधतो. एसटी स्टँडवर उभी असते, इंजिन मंद चालू असतं, आणि एखाद्याच खिडकीची काच थडथड वाजत असते. चालकाने जरा रेस केलं की ती गप्प होते आणि दुसरी वाजायला लागते. प्रत्येक काचेचा आपापला ठेका असतो. ज्या क्षणी इंजिनाचा ठेका तिच्याशी जुळतो त्या क्षणी ती बोलते.

आता नांदेडच्या प्रश्नाकडे येऊ. 21 मार्च 2024 ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात 4.5 महत्तेचा भूकंप झाला आणि तो नांदेड, परभणीपर्यंत जाणवला. त्याच वर्षी 10 जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा तेवढाच. नांदेडकरांना छोटे धक्के आणि जमिनीतून येणारे आवाज नवे नाहीत, 2007 च्या सुमारासही शहराने ते बरेच अनुभवलेले आहेत. धक्का बसला की सगळेजण वर बघतात, पंखा हलतोय का.

पंखा हा लंबकच आहे. त्याच्या दांडीची लांबी आणि मोटारचं वजन बघता त्याचा दोलनकाल सेकंद-सव्वा सेकंद येतो. जवळच झालेल्या लहान भूकंपात जमीन कशी हलते? फार झपाझप, सेकंदाला पाच-दहा वेळा. छताचा हुक इकडून तिकडे जाऊन परत येतो तोपर्यंत पंख्याला हालायला सवडच मिळत नाही. तो जागच्या जागी राहतो. पण मांडणीवरची ताटं, खिडकीच्या काचा, पत्रे यांचा ठेका वेगवान असतो, म्हणून ते वाजतात. उलट दूरच्या मोठ्या भूकंपात वेगवान लाटा वाटेतच विरून जातात आणि संथ लाटा पोहोचतात. तेव्हा भांडी गप्प असतात आणि पंखा, टाकीतलं पाणी, देवघरातला टांगलेला दिवा डुलायला लागतात. म्हणजे पंखा हलला नाही म्हणून धक्का खोटा असं नाही. पंखा फक्त त्याच्या ठेक्याचं सांगतो. भूकंपमापक यंत्राचं तत्त्व हेच आहे: आत एक जड वस्तू अशी टांगलेली असते की जमीन हलली तरी ती जागेवर राहते, आणि दोघांतला फरक नोंदला जातो.

घरही असंच एक दोलक आहे. वर वस्तुमान, खाली ताठरपणा. अभियंते एक ढोबळ हिशोब ठेवतात, मजल्यामागे एक दशांश सेकंद. एक मजली घर 0.1 सेकंदाचं, पाच मजली इमारत अर्ध्या सेकंदाची, दहा मजली एका सेकंदाची. हिशोब ढोबळ आहे, पण चित्र स्पष्ट होतं: बुटकं घर झपाझप थरथरतं, उंच इमारत सावकाश डुलते.

मग कोणता भूकंप कोणाला गाठतो? 19 सप्टेंबर 1985 ला मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ 8 महत्तेचा भूकंप झाला. मेक्सिको शहर तिथून साडेतीनशे किलोमीटरपेक्षा लांब. पण शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या मऊ गाळावर उभा आहे आणि त्या गाळाचा स्वतःचा दोलनकाल दोन सेकंदांच्या आसपास. दूरवरून आलेल्या लाटांतला तेवढाच ठेका गाळाने उचलला, वाढवला, आणि मधल्या उंचीच्या, साधारण सहा ते पंधरा मजली इमारती सर्वांत जास्त पडल्या. बुटकी घरं पुष्कळशी वाचली. इथे मनात येईल, की दहा मजली इमारत तर एका सेकंदाची, मग दोन सेकंदांशी जुळली कशी? पहिल्याच हादऱ्यांत तडे गेले, ताठरपणा कमी झाला, के कमी झालं की टी वाढतो. इमारत मोडत मोडत त्या ठेक्याकडे सरकत गेली. सूत्रात के भाजकात आहे हे किती भयानक असू शकतं ते इथे दिसतं.

आपल्याकडे परिस्थिती उलट आहे. खाली बेसाल्टचा खडक, वर काळी माती, तीही बहुतेक ठिकाणी फार खोल नाही. मातीच्या थराचा दोलनकाल काढायचा साधा हिशोब असा: थराची जाडी गुणिले चार, भागिले लाटेचा वेग. 10 मीटर माती धरा, वेग सेकंदाला 200 मीटर धरा, उत्तर 0.2 सेकंद. हा ठेका एक-दोन मजली घरांचा आहे.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, गावं झोपलेली. औसा तालुक्यातल्या किल्लारीजवळ, जमिनीत फार खोल नाही, 6.2 महत्तेचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं काही सेकंदांत बसली. सरकारी नोंदीत मृतांचा आकडा 7,928 आहे, काही अंदाज दहा हजारांच्या जवळ जातात. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, 17 जानेवारी 1994 ला, अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला 6.7 चा भूकंप झाला. तोही पहाटे, साडेचारला, माणसं झोपेत असताना. किल्लारीपेक्षा पाचपट-सहापट ऊर्जेचा, आणि दाट वस्तीखाली. तिथे मृत्यू साठच्या आसपास.

हा फरक जमिनीने केलेला नाही, भिंतींनी केला. म्हणून आता भिंत बघू, आणि भौतिकशास्त्राच्या नजरेने बघू, कारण 'दगडमातीची घरं कच्ची होती' एवढं म्हणून सोडून देण्याची आपल्याकडे सवय आहे. ती घरं कच्ची म्हणून बांधलेली नव्हती. दोन-दोन फूट, काही ठिकाणी त्याहूनही जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, माळवद. उन्हाळ्यात आत गारवा, थंडीत ऊब. बांधणाऱ्यांनी उन्हाचा विचार केला होता आणि तो उत्तम केला होता. जमिनीच्या हलण्याचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या कोणाला नव्हता. देशाच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या तेव्हाच्या नकाशात सुद्धा हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता.

आधी वस्तुमान. माळवदाच्या मातीचा थर 30 सेंटीमीटर धरू, एका घनमीटर मातीचं वजन 1,600 किलो धरू. तीन बाय चार मीटरच्या खोलीवर ही माती पावणेसहा टन होते. दरवर्षी गळती थांबवायला वर नवी माती टाकत गेले की थर अर्धा मीटर होतो आणि वजन साडेनऊ टनांच्या वर जातं. जमीन गुरुत्वत्वरणाच्या एक पंचमांश त्वरणाने बाजूला सरकली, तर या छताला सोबत न्यायला भिंतींनी सव्वा ते दोन टनांचा आडवा जोर लावायला हवा, सेकंदात कितीतरी वेळा, दोन्ही दिशांनी.

आणि आता के. भिंतीचा ताठरपणा कुठून येतो? दगड ताठ आहे, पण दोन दगडांना बांधून ठेवणारी माती ताण सोसत नाही. दाबली तर दाबून घेते, ओढली तर सुटते. त्यातून ही जाड भिंत एक भिंत नसतेच. बाहेरच्या बाजूला घडीव दगडांचं एक तोंड, आतल्या बाजूला दुसरं, आणि मध्ये भर, गोटे आणि माती. बाहेरून बघणाऱ्याला दोन फुटांची भिंत दिसते. भूकंपाला दोन पातळ भिंती दिसतात.

याचा हिशोब सोपा आहे. एखादा ठोकळा पालथा पाडायला किती आडवं त्वरण लागतं? जाडी भागिले उंची, इतक्या पट गुरुत्वत्वरण. 60 सेंटीमीटर जाड, अडीच मीटर उंच भिंत एकसंध असती तर 0.24 पट. पण दोन्ही तोंडं सुटी, प्रत्येकी 25 सेंटीमीटरची, तर 0.10 पट. अर्ध्याहून कमी झालं. क्षणभर एवढं त्वरण आलं की लगेच भिंत पडते असं नाही, ते काही काळ टिकावं लागतं आणि उलटा हेलकावा तिला सावरतोही; पण कोणती भिंत आधी जाणार हे या भागाकारातून कळतं.

आता ती सरळ रेषा आठवा. स्प्रिंगचं बल अंतराबरोबर वाढत जातं: जितकं लांब, तितकं जोराने परत. कललेल्या भिंतीचं उलटं आहे. तिला सरळ करणारं तिचं स्वतःचं वजन असतं, आणि ते सुरुवातीलाच सर्वांत जास्त मदत करतं. भिंत जसजशी कलते तसतशी मदत कमी होत जाते. एका कोनाला ती शून्य होते. त्याच्या पुढे गेलं की तेच वजन तिला पाडायला लागतं. म्हणजे बलाचं चिन्ह बदललं. वजाचं अधिक झालं.

मायनसच्या चिन्हाबद्दलच्या चिठ्ठीचं उत्तर हे आहे. बल बरोबर वजा के एक्स असेल तर वस्तू जाते आणि येते. बल बरोबर अधिक के एक्स असेल तर वस्तू जाते ती जातेच. जितकी लांब जाते तितकी आणखी जोराने ढकलली जाते, आणि ठरावीक वेळात अंतर दुप्पट, पुन्हा तेवढ्याच वेळात दुप्पट, असं होत जातं. तळहातावर काठी उभी धरून बघा. सुरुवातीला इतकं हळू कलते की वाटतं सावरू, आणि मग एकदम हातातून जाते. उदाहरण सोडवताना तुम्ही चिन्ह टाकून देता आणि उत्तर बरोबर येतं, कारण दोलन होणारच हे प्रश्नानेच गृहीत धरलेलं असतं. किल्लारीत ते गृहीत धरता येत नव्हतं.

भिंतीच्या पोटातली भर तर अधिकच वाईट काम करते. धान्याचं पोतं हलवलं की धान्य खाली बसतं, तशी प्रत्येक हादऱ्याने ती भर खाली बसते आणि दोन्ही तोंडांना बाहेर ढकलते. हादरा डावीकडे असो वा उजवीकडे, ढकलणं बाहेरच. त्यात मागे येणं नाहीच. तोंडं फुगली, सुटली, आणि ज्या घरांत छताचं ओझं थेट भिंतीवर होतं तिथे टनावारी माती खाली आली. पडणारी माती झोपलेल्या माणसाला श्वास घ्यायला पोकळी ठेवत नाही. ज्या घरांत माळवद लाकडी खांबांच्या खणावर तोललेलं होतं, तिथे काही ठिकाणी भिंती पडूनही खांब आणि छत उभं राहिलं. लाकडाचे सांधे थोडे हलतात, कुरकुरतात, घासतात आणि परत येतात. परत आणणारं बल आणि अवमंदन, दोन्ही त्या जुन्या खणात होतं.

उपाय काय, तर के परत मिळवायचा. भारतीय मानक संस्थेच्या 1993 च्याच एका मानकात कमकुवत दगडी बांधकामाचे नियम दिलेले आहेत. भिंतीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत आरपार जाणारे लांब दगड, उंचीत दर 60 सेंटीमीटरला, आणि आडव्यात 1.2 मीटरपेक्षा जास्त अंतर नको. दारं-खिडक्यांच्या वरून घराभोवती सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा, पिंपाला कडं असतं तसा. भिंत 45 सेंटीमीटरपेक्षा जाड नको. जाडी म्हणजे मजबुती हा समज इथे उपयोगाचा नाही. आणि छतावरची माती कमी करायची, म्हणजे एम कमी करायचा. लांब दगड मिळत नसेल तर भिंतीला भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरून उभ्या घरालाही असा टाका घालता येतो. खर्च फार नाही. ज्या गावांत अजून जुन्या भिंती उभ्या आहेत तिथे हे आजही करता येण्यासारखं आहे.

तुमच्यापैकी बरेचजण म्हणतील, आता कुठे राहिली माळवदाची घरं, आम्ही तर शिकवणीसाठी शहरात राहतो, सिमेंटच्या इमारतीत. तर मग त्या इमारतीखाली उतरून बघा. खाली मोकळं पार्किंग, नुसते खांब. वर चार मजले विटांच्या भिंतींनी गच्च भरलेले. आता याचं सूत्र तुम्हीच मांडा. वरचे मजले भिंतींमुळे ताठ, त्यांचा के मोठा. तळमजल्याचा के लहान, आणि वरचा सगळा एम त्याच्या डोक्यावर. जमीन हलली की सगळं वाकणं त्या एका मजल्यात गोळा होतं. 26 जानेवारी 2001 ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा तिथून अडीचशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या अहमदाबादमध्ये अशा पार्किंगवाल्या अनेक इमारती खालचा मजला चिरडून बसल्या. 2002 साली भूकंपाच्या भारतीय मानकाची सुधारित आवृत्ती आली, तिच्यात अशा मोकळ्या तळमजल्याचे खांब नेहमीपेक्षा जास्त ताकदीचे हवेत असं सांगितलेलं आहे. त्याच आवृत्तीत नकाशातलं पहिलं क्षेत्र काढून टाकलं आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला.

म्हणून खोली भाड्याने घेताना पाणी किती वेळ येतं आणि मेस कुठे आहे, एवढंच पालक विचारतात, त्यात आणखी एक प्रश्न घालायला हरकत नाही: खालच्या खांबांमध्ये कुठे काँक्रीटची भिंत आहे का, निदान जिन्याभोवती, लिफ्टभोवती? असेल तर तळमजल्याचा के वाढलेला आहे. पण ती भिंत पायापासून वरपर्यंत सलग हवी, आणि एकाच कोपऱ्यात असली तर इमारत पिळवटते, हेही खरं.

एक शेवटची चिठ्ठी उरली आहे. गच्चीवर आणखी एक पाण्याची टाकी बसवली तर इमारतीचा दोलनकाल बदलेल का? बदलेल. वर एम वाढला, टी थोडा वाढेल. 2,000 लिटरची टाकी म्हणजे दोन टन, आणि तेही सर्वांत वर, जिथे हेलकावा सर्वांत मोठा. पाच मजली इमारतीच्या एकूण वजनापुढे दोन टन किरकोळ, तेव्हा इमारतीची काळजी नको. काळजी टाकीची. ती नुसती विटांच्या चार खांबड्यांवर ठेवलेली असेल, तर तिला परत आणणारं तिथे काही नाही. तिला खाली बांधून घ्या.